दोन हिरवे किडे

कोरेलटोला, ता. भामरागड
२६ जून २०२४

प्रिय हर्षाताई,
जय भीम.

फोन लागला नाही तर पत्र टाक म्हणाली होतीस. इथे आल्यापासून तो लागलेलाच नाही, म्हणून टाकतो आहे. आमचे परिचर मुखरूभाऊ उद्या भामरागडला जातील, ते टपालात टाकतील. नदी चढायला लागली आहे. आणखी आठ दिवसांनी कोणी पलीकडे जाईल की नाही, सांगता येत नाही.

आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत औषधं, दुसरीत मी आणि मुखरूभाऊ. ते गोंडपिपरीकडचे. घरी बायको कमळाबाई आणि मुलगी मयुरी, ती यंदा बारावीला आहे. दिवसातून चार वेळा तिचा विषय निघतो. आमचा स्वयंपाक शेजारची जुरीबाई करते. ती माडिया, साठीच्या पुढची. नवरा झिंगू, तो फारसा बोलत नाही. भाजीपाला येणं बंद झालं आहे, त्यामुळे भात आणि आंबाडीचं पाणी, असं चाललं आहे.

आता कामाचं. इथे झुडपांवर एक हिरवा चमकता किडा येतो, सोनकिडा. झाड हलवलं की मेल्यासारखा टपकन पडतो. माणसं पाय-पंख काढून निखाऱ्यावर भाजून खातात. मुखरूभाऊंना त्याची चटक लागली आहे, शेंगदाण्यासारखा लागतो म्हणतात. मीही दोन खाल्ले, आईला सांगू नकोस. पण यंदा उपकेंद्रामागच्या गवतात दुसराही एक निघाला आहे. तोही हिरवा, जरा निळसर, अंगाने बारीक. परवा मुखरूभाऊंनी मूठभर गोळा केले, तर जुरीबाईने हातावर फटका मारून सगळे चुलीत टाकले. म्हणाली, "हा खाशील त मरशील." का, ते काही सांगितलं नाही. मुखरूभाऊ चिडले. मी म्हटलं, माझी मावसबहीण कॉलेजात हेच शिकवते, तिला विचारू.

आगपेटीत एक अख्खा सोनकिडा आहे. दुसऱ्याचे फक्त दोन पंख हाती लागले, जमिनीवर पडले होते. लवकर कळव. मुखरूभाऊ रोज विचारतात.

बाकी मी बरा आहे. मनगटावर भाजल्यासारखा एक मोठा फोड आला आहे, झोपेत काहीतरी चावलं असेल. आईला माझा नमस्कार सांग.

तुझा
कुलदीप


ब्रह्मपुरी
५ जुलै २०२४

प्रिय कुलदीप,
जय भीम.

तुझी आगपेटी काल पोचली. टपालवाल्यांनी शिक्के मारून मारून ती चपटी केली होती, पण सोनकिडा शाबूत आहे. इतका कडक, की टेबलावर ठोकला तर खट आवाज येतो. वर्गातल्या मुलींनी तो हातोहात फिरवला.

तुझे दोन्ही किडे एकाच कुळातले दिसतात. मोठा तो सोनकिडाच. दुसऱ्याचे पंख चुरगळले आहेत, तरी रंग तोच, धातूसारखी चमकही तीच. आमच्या विभागातल्या जुन्या पेटीत याच कुळातला एक लहान, निळसर किडा आहे, त्याच्याशी मी रंग ताडून पाहिला. जुळतो. मोठा पानं खातो, हाही बहुतेक पानंच खात असेल. मोठा झाडावर, लहान गवतात, एवढाच फरक. यांच्यात विष नसतं. जुरीबाईंना सांग, भिण्याचं कारण नाही. अशा समजुती जुन्या माणसांत असतातच, त्यांचा राग धरू नये.

मला मात्र दोन्हींचे पाच-पाच नमुने पाठव, अख्खे. आपल्या भागातल्या या दोन किड्यांची तुलना कुठे छापून आल्याचं मला आठवत नाही. इथे बारा वर्षं तासिकांवर शिकवते आहे, नावावर एक टिपण नाही. हे झालं तर फार बरं होईल.

कांतामावशीला तुझा नमस्कार सांगितला, ती ठीक आहे. फोडावर मलम लाव आणि मच्छरदाणीत झोपत जा.

तुझी
हर्षाताई


कोरेलटोला
२ ऑगस्ट २०२४

प्रिय हर्षाताई,

तुझं पत्र १६ तारखेला मिळालं. त्यानंतर पुरामुळे काही पाठवता आलं नाही.

मुखरूभाऊ वारले. २० जुलैला. पोटाचा त्रास झाला, मग लघवी बंद झाली. पूर होता, भामरागडला नेता आलं नाही. पाणी उतरल्यावर त्यांचे भाऊ धनराज आले आणि प्रेत घेऊन गेले.

किड्यांचं राहू दे. नमुने पाठवणं जमणार नाही. आता स्वयंपाक मी स्वतःच करतो. आईला यातलं काही कळू देऊ नकोस, ती काळजी करत बसेल.

कुलदीप


ब्रह्मपुरी
११ ऑगस्ट २०२४

प्रिय कुलदीप,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू कधी एवढं कमी लिहीत नाहीस.

तुला एक विचारायचं आहे, आणि त्याआधी एक सांगायचं आहे. मागच्या आठवड्यात टिपण लिहायला बसले, तेव्हा ते दोन पंख मी पहिल्यांदा भिंगाखाली नीट पाहिले. आधी पाहिले नव्हते. तुला उत्तर लिहिलं त्या दिवशी प्रवेशाचे अर्ज तपासायचे होते, मी खिडकीशी उभी राहून नुसता रंग पाहिला होता. सोनकिड्याचा पंख वाकवायला गेलं तर तुटतो. हे दोन वाकतात, कागदासारखे, आणि सोडले की तसेच वाकलेले राहतात. सोनकिड्याच्या कुळात असं नसतं. असे मऊ पंख ज्यांना असतात त्यांना आपल्याकडे शेतकरी हिंगे म्हणतात. त्यातल्या काही जाती अशाच निळ्या-हिरव्या चमकतात. त्यांची मान बारीक असते आणि डोकं खाली वाकलेलं. धरलं की पायांच्या सांध्यांतून पिवळं तेल सोडतात. ते कातडीला लागलं की फोड येतो.

तू फोडाबद्दल लिहिलं होतंस, कुलदीप. मी मलम लावायला सांगितलं.

ते तेल पोटात गेलं तर तोंड, घसा, आतडी सगळं आतून सोलून निघतं, लघवीतून रक्त जातं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. भाजल्याने, उकळल्याने त्याचं विष जात नाही. त्यावर उतारा नाही.

मुखरूभाऊंनी तो किडा खाल्ला का? माझं पत्र वाचून खाल्ला का? आणि स्वयंपाक तू का करतोस, जुरीबाई कुठे आहे? खरं लिही.

हर्षाताई


कोरेलटोला
२३ ऑगस्ट २०२४

ताई,

तुझं पत्र आलं त्याला तीन दिवस झाले. आज लिहायला बसलो.

हो. १६ जुलैला पाणी थोडं उतरलं होतं, तेव्हा एकाने टपाल आणलं. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. मुखरूभाऊ हसले, म्हणाले, "पाह्य, शिकलेल्या बाईनं सांगतलं." दुसऱ्या दिवशी सकाळी जुरीबाई भाताच्या रोवणीला गेल्यावर त्यांनी गवतातून दहा-बारा किडे वेचले, तव्यावर मीठ घालून भाजले. मला एक दिला. मी तोंडाशी नेला आणि वास आवडला नाही म्हणून ठेवून दिला. मी त्यांना थांबवलं नाही, ताई. थांबवण्याचं काही कारणच माझ्याजवळ नव्हतं.

दुपारी जीभ जळते म्हणाले. संध्याकाळी तोंडात एवढे फोड आले की पाणी गिळता येईना. मग उलट्या, त्यात रक्त. मी सलाईन लावलं, होतं नव्हतं ते सगळं दिलं. पाऊस सुरू झाला आणि नदी पुन्हा भरली. डोंगेवाल्याच्या दोनदा पाया पडलो. तो म्हणाला, तिघंही बुडू. खरंच बोलत होता. तीन दिवस मुखरूभाऊ तडफडले. लघवीला रक्त, मग काहीच नाही. शेवटच्या दिवशी मला मयुरी समजून बोलत होते, पेपर कसा गेला विचारत होते. जुरीबाई तीनही दिवस तिथेच बसून होती, कापडाने त्यांचे ओठ ओले करत होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही.

आता पुढचं. धनराज आले, सोबत पोलीस होते. विचारलं, खाण्यात काय आलं? मी म्हटलं, जेवण जुरीबाई करते. धनराजने विचारलं, तिचं याच्याशी काही वाजलं होतं का? तर माझ्या तोंडून निघून गेलं, की ती 'मरशील' म्हणाली होती. एवढंच सांगितलं. किडा सांगितला नाही. तुझं पत्र माझ्या खिशात होतं, तेही सांगितलं नाही. सांगितलं तर तुझं नाव येईल, तुझी नोकरी जाईल, असं त्या वेळी वाटलं. निदान मी स्वतःला असंच सांगितलं.

त्यांनी तिला तिथूनच नेलं. ती रोवणीतून आली होती, पाय चिखलाने भरलेले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन असं तिला वाटलं असावं. विषप्रयोगाचा गुन्हा लावला आहे. चंद्रपूरला ठेवली आहे म्हणतात. झिंगू रोज नदीपर्यंत जातो आणि परत येतो. त्यांची अर्धी रोवणी तशीच राहिली. गावातलं कोणी आता उपकेंद्रात येत नाही.

पत्र मी जाळलेलं नाही. जपून ठेवलं आहे. तू सांगशील तसं करतो.

कुलदीप


ब्रह्मपुरी
५ सप्टेंबर २०२४

कुलदीप,

मी सांगेन तसं करू नकोस. तुला काय करायचं आहे ते ठाऊक आहे, म्हणून तर पत्र जपून ठेवलंस.

३० तारखेला तुझं पत्र मिळालं. त्याच दिवशी सगळं लिहून काढलं. कोणता किडा, मी काय कळवलं, का चुकले. दोन पंख सोबत जोडले. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला जाऊन पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयात दिलं आणि पोच घेतली. साहेबांनी दोनदा विचारलं, "मॅडम, हे सही करून देत आहात, याचा अर्थ समजतो ना?" समजतो म्हटलं. शवविच्छेदनात काढलेल्या व्हिसेराचा अहवाल अजून आलेला नाही. त्यात नेमकं काय शोधायचं, तेही मी लिहून दिलं आहे, नाहीतर ते उंदराचं औषध शोधत बसतील आणि काहीच सापडणार नाही. कॉलेजातही सांगितलं. या महिन्यापासून माझे तास दुसऱ्याला दिले आहेत.

परवा गोंडपिपरीला गेले होते. पत्ता बसस्टँडवर विचारला, मुखरू परिचर म्हटल्यावर लगेच दाखवला. धनराज घरी नव्हते. कमळाबाई आणि मयुरी होत्या. मी कोण ते सांगितलं, आणि ते पत्र मीच लिहिलं होतं, हेही. कमळाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. मान वर न करताच म्हणाल्या, "म्हंजे त्या बाईनं नाई केलं?" मी म्हटलं, त्या बाईने त्यांच्या हातावर फटका मारून किडे चुलीत टाकले होते. मग त्यांनी सूप खाली ठेवलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "धनराजभाऊले मी सांगतो. तुम्ही जा आता."

मयुरी फाटकापर्यंत आली. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही नाई माहीत असं लिवलं असतं त काय झालं असतं?" बारावीला आहे, सायन्स घेतलं आहे. मी तिला खरं तेच सांगितलं. तुझे बाबा आज घरी असते.

तुझा जबाब नसेल तर माझ्या कागदाला अर्थ नाही. तुझ्या नोकरीवर येईल, तुरुंगही होऊ शकतो. मावशीला मी सांभाळीन. जा.

हर्षाताई


कोरेलटोला
१६ सप्टेंबर २०२४

ताई,

दहा तारखेला भामरागडला जाऊन जबाब दिला. तुझं मूळ पत्र त्यांनी ठेवून घेतलं. आधी खोटं का बोललास म्हणून विचारलं, मी भ्यालो असं लिहून दिलं. खात्याची चौकशी लागली आहे. बदली माणूस यायला तयार नाही, म्हणून तूर्त इथेच ठेवलं आहे.

परत आलो तेव्हा झिंगूला ताप होता. रक्त तपासू दे म्हटलं तर हात दिला नाही. मलेरियाच होता, थरथर दुरून दिसत होती. गोळ्या घेऊन मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या दारात उभा राहिलो. तो आतून म्हणायचा, "तुह्या हातचं नाई पायजे." शेजारच्या पत्रूच्या हाती पाठवल्या. कुठून आल्या हे त्याला कळलं, आणि त्याने त्या अंगणात टाकल्या. गावातली चार माणसं समजावून थकली. चौदा तारखेला दुपारी गेला. मला मातीला जाऊ दिलं नाही.

जुरीबाईला हे कोण सांगणार, कळत नाही.

कुलदीप


ब्रह्मपुरी
३ ऑक्टोबर २०२४

प्रिय कुलदीप,

अहवाल आला. मी लिहिलं होतं तेच विष निघालं. तुझा जबाब आणि अहवाल एकत्र गेल्यावर न्यायालयाने जुरीबाईला सोडलं. धनराजनेही तक्रार उरली नसल्याचं लिहून दिलं. एक तारखेला ती बाहेर आली.

मी चंद्रपूरला जाऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभी होते. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं. ती आली. इवलीशी बाई, हातात कापडी पिशवी, अंगावर कोणीतरी दिलेलं मोठं लुगडं. मी पुढे झाले. माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "बाई, भामरागडची गाडी कुठी लागते?" मी म्हटलं, चला, दाखवते. रिक्षात ती दांडीला धरून बसली होती. बसस्टँडवर चहा-बिस्किट घेतलं. बिस्किटाचा अर्धा पुडा तिने पिशवीत ठेवला, "बुढ्यासाठी" म्हणाली.

मी सांगितलं नाही, कुलदीप. झिंगूचंही नाही, आणि मी कोण तेही नाही. तिकीट काढून खिडकीशी बसवलं, कंडक्टरला आलापल्लीला गाडी बदलून द्यायला सांगितलं. गाडी सुटताना तिने मला हात जोडले. तो नमस्कार मी घेतला.

घरी आल्यापासून झोप नाही. तिला काय झालं ते कळव. आणि मी तिथे यावं का, तेही. मला तिला समजावून सांगायचं आहे.

तुझी
हर्षाताई


कोरेलटोला
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय हर्षाताई,
जय भीम.

तिला नदीवरच कळलं. डोंगेवाल्याने सांगितलं. ती तशीच डोंग्यात बसली, पलीकडे उतरली आणि घरी न जाता आधी त्याला पुरला होता तिथे गेली. ते बिस्किट तिथेच ठेवलं, असं पत्रू म्हणाला.

तीन आठवडे माझी हिंमत झाली नाही. परवा गेलो. ती अंगणात बसून विळ्याला धार लावत होती. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. किडा, पत्र, पोलिसांपुढे मी काय बोललो आणि काय बोललो नाही. तिला मराठी बेताची येते, मला माडिया तेवढीच. पण तिला समजलं. मधे एकदाही थांबवलं नाही.

मग ती बोलली. ती लहान होती तेव्हा तिचा धाकटा भाऊ तो किडा खाऊन मेला होता. चार वर्षांचा होता. भूक होती, सोनकिडे मोठ्यांनी खाल्ले होते, पोराने गवतातला उचलला. तिच्या मांडीवर गेला. तेव्हापासून तो किडा दिसला की ती जाळते. मी म्हटलं, हे तू तेव्हाच सांगितलं असतंस तर. ती म्हणाली, "तुम्ही इचारलं नाई. तुम्ही कागद पाठवला."

मी माफी मागितली. तिने माफ केलं नाही आणि नाकारलंही नाही. फक्त विचारलं, झिंगूला गोळी का नाही दिली. मी म्हटलं, दिली होती, त्याने घेतली नाही. का नाही घेतली? मी म्हटलं, माझ्यामुळे. तिने मान हलवली, हिशेब बरोबर आहे अशी.

तू यायचं विचारलं आहेस. ये, पण समजावून सांगायला येऊ नकोस. तिला सगळं समजलेलं आहे. चंद्रपूरला गाडीत बसवणाऱ्या बाईचा तिने दोनदा विषय काढला, चांगली होती म्हणाली. ती तूच, हे मी सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांगायचं आहे.

उठताना तिने एक विचारलं, ते तुला जसंच्या तसं लिहितो. "जिनं कागद लिवला, त्या बाईनं तो किडा पाह्यला होता का?"

मी नाही म्हटलं.

तिने मग विळा उचलला आणि पत्रूच्या बांधीत धान कापायला गेली. तिच्या स्वतःच्या बांधीत यंदा कापायला फारसं काही नाही.

तुझा
कुलदीप